गोकुळदासच्या घराची चावी

दुसऱ्याच्या बंद घराची चावी सांभाळणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घेऊन हिंडणं, असं सगुण आताशा उघड बोलायला लागला होता. उघड म्हणजे फक्त बायकोजवळ, सुशीलेजवळ. बाहेर कुणी विचारलं तर अजूनही "बरें चल्लां" एवढंच. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, आणि सत्तरी जवळ आल्यावर ते नव्याने जमेल ही आशा सुशीलेनेही सोडून दिली होती.

चावी होती शेजारच्या गोकुळदासच्या घराची. गोव्यातल्या नार्व्यात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ही दोन घरं, मध्ये कुंपणाला एक जास्वंदीची वई. गोकुळदासचे वडील त्याच्याकडे पुण्याला कायमचे राहायला निघाले, तेव्हा चावी सगुणच्या हातावर ठेवून म्हणाले, "घर बंद आसूं, पूण देव काळखांत बसूंक जायना. सांजेचो दिवो तितलो लाय." म्हातारा पुढे तिकडेच गेला. शब्द मात्र इथे राहिला, सगुणच्या गळ्यात.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला सगुण आधी गोकुळदासच्या देवापुढे दिवा लावायचा आणि मग आपल्या. पाऊस असो, ताप असो, गावात जत्रा असो. घरात सुतक आलं की भटजींच्या हातापाया पडून त्यांच्याकडून लावून घ्यायचा. चवथीला गोकुळदास मंडळी घेऊन यायचा तेव्हा काय ती सगुणला सुट्टी. पण चवथीच्या दिवसांत माणूस जाणार कुठे? गणपती त्याच्याही घरी. एरवी सगुण-सुशीला कुठेही गेली तरी संध्याकाळच्या आत परत. मडगावला दिलेल्या लेकीच्या, सुविधाच्या घरी जावयाने हौसेने पाहुण्यांची खोली काढली होती. त्या खोलीत ही दोघं एक रात्र झोपलेली नव्हती.

आणि आता सुविधाला दिवस गेले होते. लग्नानंतर किती वर्षांनी, ते मोजायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं तेव्हा. डॉक्टरने तिला पलंगावरून उठायची मनाई केली, त्यामुळे बाळंतपणाला नार्व्याला आणायचं राहिलं. "आई, तूच ये आणि राहा," ती फोनवर रोज म्हणायची, आणि हल्ली म्हणताना रडायची. पण गेल्या श्रावणात सगुण विहिरीकडे भोवळ येऊन पडला होता. त्याला एकटं ठेवायचं नाही, असं तेव्हा डॉक्टरने बजावलेलं. सुशीला जाणार तर सगुणला घेऊन, आणि सगुण जाणार तर दिव्याचं काय? सुशीला भांडली नाही. ती फक्त थकल्यासारखी गप्प राहायला लागली, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं.

अशात खालच्या वाड्यावर एक बंद घर फुटलं. चोरांनी समया नेल्या, तांब्याचे हंडे नेले. बातमी पुण्याला पोचली आणि गोकुळदासचा फोन आला. "दादा, मी घराला अलार्म बसवून घेतोय. नुसता बोंबलणारा नाही हं, कंट्रोल रूमला जोडलेला. तिथे माणसं चोवीस तास लक्ष ठेवून असतात. देवापुढे आपोआप लागणारा विजेचा दिवा बसवतो. चावी कंपनीच्या म्हापशाच्या ऑफिसात ठेवतील. आता तुम्ही सुटलात!"

सुटलात. सगुणने तो शब्द सुशीलेला जसाच्या तसा नेऊन सांगितला. सुशीलेने माळ्यावरची बॅग खाली काढली, पुसली आणि उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून घरात अळिवाच्या लाडवांची तयारी सुरू झाली.

अलार्म बसवायला आला तो योगेश, बांद्याचा. मोटरसायकलीवर पाठीला लावलेली पिशवी, डोळ्यांत झोप. मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागल्यापासून या भागात कामं इतकी वाढली होती की त्याला जेवायला सवड नव्हती, असं तो स्वतःच म्हणाला आणि सुशीलेने दिलेला पाव-भाजीची बशी उभ्यानेच संपवली. दुपारपर्यंत त्याने दारांना चुंबकाचे तुकडे लावले, सोप्यावर कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा बसवला, वळचणीला भोंगा टांगला, आणि पुढच्या दाराच्या आत आकड्यांची पट्टी.

"आता ह्या सगळा कंट्रोल रूमला जोडूचा," तो म्हणाला. "इंटरनेट असा, पण करंट गेलो की ता जाता. चोरान वायर कापली तर खलास. म्हणान दुसरी वाट व्हयी. ह्या पेटयेत सिम असा. इंटरनेट गेला की ही पेटी मोबाइलवरसून खबर देता."

कल्पना चांगली होती. पण नार्व्यात त्या सिमच्या कंपनीची रेंज म्हणजे सरकारी पाहुणा, आला तर आला. योगेश ती पेटी आरतीच्या तबकासारखी हातात धरून घरभर फिरला. सोप्यावर नाही, माजघरात नाही, माळ्यावर चढला तिथेही नाही. सगुण मागून कंदील धरल्यासारखा टॉर्च घेऊन. शेवटी देवघराच्या दारात पेटीचा दिवा हिरवा झाला.

"काका, रेंज हयच गावता."

"थंय देव आसा रे."

"मगे बरा झाला. देवाच्या नजरेखाली ऱ्हवात."

देव्हाऱ्याच्या बरोबर वर, भिंतीत चार स्क्रू मारून पेटी बसली. कुलदेवतेच्या माथ्यावर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. सगुणने हात जोडले, ते देवाला की पेटीला हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मग परीक्षा. योगेशने इंटरनेटची वायर उपटली आणि मागचं दार उघडलं. भोंगा असा किंचाळला की वईवरचे कावळे उठले आणि सुशीला हातातला डाव घेऊन अंगणात धावली. भोंगा थांबला. थोड्या वेळाने योगेशचा फोन वाजला. त्याने तो मोठ्या आवाजावर लावला.

"नमस्कार, कंट्रोल रूममधून सायली बोलतेय. नार्वे, मागच्या दाराचा अलार्म आलाय. मोबाइल नेटवर्कवरून आलाय. टेस्टिंग आहे ना?"

पोरीचा आवाज पुण्याच्या कंट्रोल रूममधून येत होता, पण हेल कुडाळकडचा. सगुणला एकदम बरं वाटलं. इतक्या लांब कुणीतरी बसलंय आणि इथलं मागचं दार उघडल्याचं तिला कळतंय. त्याचा हात शर्टाच्या खिशात गेला. चावी त्याने सकाळीच चिंचेने घासून ठेवली होती. देताना लखलखीत द्यावी म्हणून.

"ही घे," तो योगेशला म्हणाला. "तुमच्या म्हापशाच्या ऑफिसांत दवरपाक."

योगेशने चावीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आमी चावी ठेवणव नाय, काका. नियमच नाय. उलट अलार्म वाजलो की दार उघडून बघूक जवळचो माणूस लागता. चावीवालो. त्याचा नाव-नंबर कंट्रोल रूमला देवचो लागता."

गोकुळदासला फोन लागला. तो गडबडीत होता. "अरे मग त्यात विचारायचं काय? सगुणदादा आहेत की! त्यांचंच नाव घाला. दादा, ऐकताय ना? आणि ते विजेच्या दिव्याचं राहू दे. ही म्हणते, दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत, अशात तेलाचा दिवा बंद करणं बरं नाही. तुम्ही रोज जाताच. फक्त आता दार उघडलं की कोड दाबायचा. मोपामुळे आमचंही येणं वाढेलच म्हणा. घर तुमच्यावर आहे, दादा."

सगुण म्हणाला, "बरें."

एवढंच म्हणाला. म्हणायचं ते सगळं छातीत होतं, पण तोंडाला सवय एकाच शब्दाची. सुशीला वईपलीकडे उभी होती. तिने ऐकलं आणि आत गेली. संध्याकाळी सगुण दिवा लावून घरी आला तेव्हा बॅग पुन्हा माळ्यावर गेली होती. लाडू केले होते तेवढे डब्यात भरलेले होते, जावई आला की न्यायला.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पूर्वी नुसता दिवा होता. आता दिवा, कोड, आणि कमरेला बांधल्यासारखा फोन.

पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. दार उघडल्यापासून अर्ध्या मिनिटात कोड दाबायचा, असं योगेशने दहादा सांगितलं होतं आणि सगुणला ते पाठ होतं. पण पाय धुतल्याशिवाय दिवा लावायला घरात शिरायचं नाही, हे त्याच्या अंगात पाठ होतं. त्याने नेहमीसारखं दार उघडलं, पायरीवरचा तांब्या घेतला, टाचा घासून पाय धुतले, पायपुसण्यावर पुसले, आणि उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. तेवढ्यात भोंगा ठणाणा करायला लागला. सगुणच्या हातून तांब्या निसटून पायऱ्यांवरून घरंगळत गेला. फोन वाजला.

"सर, पुढच्या दाराचा अलार्म आलाय. काही इमर्जन्सी आहे का?"

"पांय धुतालों," सगुण म्हणाला.

पलीकडून सायलीने विचारलं, "काय करत होतात?"

"पाय गे, पाय. देवाला दिवा लावायचा आहे. पाय न धुता आत कसा येऊ?"

"बरं," ती म्हणाली आणि हसली. "मग काका, पाय आधी धुवा, दार मागसून उघडा." हसताना तिची पुण्याची भाषा सुटली आणि गावची निघाली.

हे साधं शहाणपण सगुणला सुचलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत दार उघडायच्या आधी पाय कधी धुतलेच नव्हते. ती सवय मोडायला त्याला बरेच भोंगे लागले. भोंगा वाजला की वाड्यावरची माणसं म्हणायला लागली, सगुणाचे पांय धुवन जाले, आतां चाय दवर.

बाकीचे भोंगे मात्र त्याचे नव्हते. सोप्यावरच्या डोळ्यावर पाल फिरली की फोन. करंट गेला की फोन. मांजर कौलातून उतरलं की फोन. दुपारी जेवता जेवता उष्ट्या हाताने उठायचं, वई ओलांडायची, दार उघडून सगळं बघायचं आणि सायलीला सांगायचं, कोण ना, कुणी नाही. चोर एकदाही आला नाही. तो कशाला येईल? सगळ्यांनी मिळून सगुणला बसवलं होतं जागरणाला.

त्यात गोकुळदासच्या फोनवर म्हणे दार कधी उघडलं, कधी लागलं ते दिसायचं. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला फार सोपं झालं. "दादा, काल दार बराच वेळ उघडं होतं?" सगुणने काल केर काढला होता. "दादा, आज लवकर गेलात?" आज सगुणची पाठ दुखत होती, लवकर आटपून आडवं व्हायचं होतं. पण पाठीचं कुणी विचारलं नव्हतं. विहिरीकडे पडला तेव्हाही गोकुळदासचं पहिलं वाक्य होतं, "मग दिवा कुणी लावला?" रोज मरे त्याला कोण रडे. सगुण आता रागावतही नव्हता. रागावायलाही अंगात त्राण लागतं.

सुविधाच्या पोटात दुखायला लागलं ते दिवस भरायच्या आधीच. सकाळी जावयाचा फोन आला आणि दोघं होती तशी निघाली. डिचोलीहून बस, फोंड्याला बदलायची, मग मडगाव. बसमध्ये सुशीला देवाचं नाव घेत होती आणि सगुणचा हात खिशातल्या चावीवर होता. त्याची त्यालाच लाज वाटली, पण हात काढला नाही. इस्पितळात पोचून बसली, उठली, पुन्हा बसली. दुपार कलल्यावर नर्सने येऊन सांगितलं, मुलगी झाली. नाजूक आहे, पण रडली जोरात. सुविधा बरी आहे.

सुशीला पदर तोंडाला लावून रडली. सगुण भिंतीला टेकून उभा राहिला. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. उन्हं उतरली होती.

सुशीलेने त्याला खिडकीकडे बघताना पाहिलं. मग म्हणाली, "तुमी वचात. दिवो लावपाचो आसा." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सगुणला बरं वाटलं असतं. "डॉक्टरान तुमकां एकलें दवरूं नाका म्हळां. पूण हांव सुविधाक सोडून येवपाची ना. म्हाका क्षमा करात."

इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे क्षमा मागितली नव्हती. मागायचं कारणही नव्हतं, आजही नव्हतं. सगुण मान हलवून जिना उतरला.

बाळाला त्याने नीट पाहिलंही नव्हतं. काचेतून एक गुंडाळलेलं बोचकं, तेवढंच. बसस्थानकावर फोंड्याची बस उभी होती, अर्धी रिकामी. तो खिडकीकडे बसला. समोरच्या दुकानात दिवे लागले. या वेळी तो पाय धुवत असायचा. आता पोचेपर्यंत उशीर होणार, पण देव समजून घेईल, उशिरा का होईना, लागला म्हणजे झालं. डोळे मिटले तेव्हा त्याला जरा गरगरलं. त्याने पुढच्या सीटची दांडी धरली.

फोन वाजला. कंट्रोल रूम. पाल, मांजर, करंट, यातलं काहीतरी.

"काका, अलार्म नाहीय हं, घाबरू नका," सायली म्हणाली.

"मग कितें?"

"तुमचं दार रोज दिवेलागणीला उघडतं. आज उघडलं नाही. दार नेहमीच्या वेळी उघडलं नाही की आमच्याकडे तसा मेसेज येतो. नियमाने मी मालकांना कळवायचं. पण म्हटलं, काकांचं वय झालंय, आधी त्यांनाच..." ती अडखळली, आणि मग तिची पुण्याची भाषा पुरती सुटली. "काका, तब्येत बरी आसा मा तुमची?"

सगुणने फोन कानाशी घट्ट धरला. इतकी वर्षं तो ते दार उघडत होता, आणि एक दिवस उघडलं नाही तर दिव्याऐवजी त्याचं काय झालं असेल, असं पहिल्यांदा कुणाच्या तरी मनात आलं होतं. आणि ते कुणाच्या, तर जिचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं, तिच्या. शेजारच्या सीटवरच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

"बरी आसा गे बाय," तो म्हणाला. "हांव मडगांवां आसां. म्हज्या धुवेक चली जाली आज."

"अगो बाय! नात झाली?" ती ओरडलीच. मग सावरून म्हणाली, "अभिनंदन, काका. मग आज दार उघडणार नाही, असं लिहू ना?"

कंडक्टरने घंटी दिली. बस सुरू झाली, जागच्या जागी थरथरली.

"आज ना," सगुण म्हणाला. "फाल्यांय ना. म्हयनो, दोन म्हयने ना. बरय तशें."

"दोन महिने दार बंद, लिहिलं. आणि चावीवाला म्हणून दुसरं कुणाचं नाव?"

"तें मालकाक विचार."

तो उठला. बस हललेली होती. "देंवपाचें आसा," तो म्हणाला, आणि कंडक्टर पुटपुटला तरी त्याने बस थांबवली.

इस्पितळाच्या फाटकापर्यंत पोचला तेव्हा गोकुळदासचा फोन आला. "दादा, आज दार उघडलेलं दिसत नाही. दिवा?"

"नात जाली म्हाका," सगुण म्हणाला.

"हो का? अरे वा, छान छान. पण दिव्याचं काय, दादा? आधी कळवायचंत, मी कुणाला तरी..."

"गोकुळदास, देवाच्या माथ्यार तुजी पेटी आसा. तिचो हिरवो दिवो लुकलुकता. देव काळखांत ना. आज तो पुरो."

"असं कसं चालेल, दादा? बाबांनी तुम्हाला शब्द..."

"बाबान म्हाका सांगिल्लें, तुका सांगूंक नाशिल्लें? घर तुजें, देव तुजो." सगुणचा आवाज चढला नाही. चढवायची त्याला ताकद नव्हती आणि गरजही वाटली नाही. "मोपार विमानां देंवतात न्हय? ये. चावी म्हजेकडेन आसा. येऊन व्हर."

पलीकडे गोकुळदास काहीतरी बोलत होता. सगुणने फोन बंद केला. जिना चढताना तो प्रत्येक वळणावर थांबला, दम खाल्ला, पुन्हा चढला. घरी जाऊन पडावं असं शरीर म्हणत होतं, पण पाय वरच जात होते.

नर्सने बाळ काचेमागून आणून दिलं होतं, आणि सुशीला खोलीत त्याला मांडीवर घेऊन बसली होती. सुविधाचा डोळा लागला होता.

"बस चुकली?"

"ना. देंवलों."

सुशीलेने त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली. तो बसला, तशी तिने बाळ उचललं आणि त्याच्याकडे धरलं. सगुणने बाळाला छातीशी घ्यायला हात पुढे केले.

"रावात," ती म्हणाली. "खिशांत कितें आसा तें काडात. तिका तोपतलें."

टोचेलच ती. सगुणने चावी काढली. घासलेली, अजून थोडी चमकणारी. खिडकीत कुणाचा तरी रिकामा चहाचा कप होता, त्याच्या शेजारी ठेवली आणि दोन्ही हात पुन्हा पुढे केले.